मधली तुळई

"मशीन बिघडलंय तुझं!" नेव्हिल ओटीवरूनच ओरडला. "मधली तुळई नवी? अगं, आमची आजी सांगायची, ती दमणहून गलबतातून आलीय!"

जुन्या लाकडाचं वय काढणारी अस्मिता तीन महिन्यांपूर्वी नेव्हिलच्या गोराईतल्या या घरी आली होती. पाच तुळयांना पेन्सिलीएवढी भोकं पाडून तिनं लाकडाच्या बारीक कांड्या नेल्या होत्या. साग दरवर्षी एक कडं वाढवतो, चांगल्या पावसात रुंद, कोरड्या साली अरुंद. त्या रुंद-अरुंद कड्यांच्या ओळीवरून झाड कधी तोडलं ते कळतं.

"चार तुळया अठराशे साठच्या सुमाराच्या आहेत," हातातला रिपोर्ट दाखवत ती म्हणाली. "मधलीचं झाड मात्र एकोणीसशे ऐंशीच्या आसपास तोडलंय."

"एक चुकली म्हणजे बाकीच्या पण चुकल्या. नको तुझा रिपोर्ट."

नेव्हिलला घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. फाटकावर घराचं साल लिहायला पाटीही करून घेतली होती. अस्मिता कागद तिसऱ्यांदा चाळत पुटपुटली, "माझंच काही चुकलं असेल का?"

तुळई पुन्हा बघायची म्हणून शिडी धरायला बोलावलेला शेजारचा लुईस हे ऐकत होता. बहात्तर वर्षांचा सुतार. अर्ध्या गावाची छपरं त्यानं चढवलेली. त्याला ते बघवेना.

"पोरी, तुझं बरोबर आहे. ती मी बसवली. ब्याऐंशी साली."

मग लुईसनं सगळं सांगितलं. तुळई वाळवीनं आतून खाल्ली होती, पण नेव्हिलची म्हातारी आजी तिला हात लावू देईना. शेवटी नेव्हिलच्या वडिलांनी, ऑस्टिननं, आईला आठ दिवस सांताक्रूझला लेकीकडे धाडलं. तेवढ्यात तुळई बदलली. चुलीचा धूर देऊन काळी केली. पाळणा टांगायची लोखंडी कडी होती तिथंच पुन्हा ठोकली. म्हातारी परत आली, वर बघून म्हणाली, "जळमटं बरी काढलीस रे!"

"आणि तू इतकी वर्षं गप्प, अंकल?"

"तुझ्या डॅडीला शब्द दिला होता."

"मग जुनी कुठं गेली? विकलीस?"

लुईसचा चेहरा लाल झाला. "चल माझ्या घरी."

त्याची बायको ज्युलिया विळीवर बोंबील कापत होती.

"ऊठ जरा," लुईस नवऱ्याच्या आवाजात म्हणाला.

"मी उठते, तू काप," ती म्हणाली. पण मागून नेव्हिल आणि ती कागदवाली पोरगी आत आलेली बघून उठली. लुईसनं विळीचा पाट धुऊन अस्मितापुढं ठेवला.

"तुळईतलं तेवढंच शाबूत निघालं. ऑस्टिन म्हणाला, ने बायकोला, विळीला पाट होईल."

"म्हणजे चाळीस वर्षं मी नेव्हिलच्या पणजोबाच्या तुळईवर बसून मासे कापते?" ज्युलियानं कपाळावर हात मारला, आणि सगळ्यांत आधी नेव्हिलच हसत सुटला.

अस्मितानं जमिनीवर पालथं पडून पाटाच्या कडेचे फोटो काढले. पंधरा दिवसांनी ती परत आली ती हसतच. पाटातली रुंद-अरुंद कडी बाकीच्या चार तुळयांशी तंतोतंत जुळली होती. नेव्हिलची पाटी फुकट गेली नाही. त्यानं लुईसला मिठी मारली, आणि विळी मागितली.

"विळी मिळणार नाही," ज्युलिया म्हणाली. "बोंबील खायला ये."

जेवणं झाल्यावर अस्मितानं रिपोर्ट उघडला. "काका, दुरुस्तीच्या नोंदीत तुमचं नाव घालतेय. लुईस कोरिया, सुतार. बरोबर?"

लुईस खुर्चीत सावरून बसला. आजवर त्याचं नाव कुठल्याच घरावर लिहिलेलं नव्हतं.

"लवूचं पण घाल. तुळईचं दुसरं टोक त्यानं उचललं होतं. कोकणातला होता, नंतर गावी गेला तो गेलाच."

"आडनाव?"

लुईस आठवत राहिला. आठ दिवस एका शिडीवर, एका डब्यातलं जेवण, आणि आडनाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"माझं पण आडनाव काढ," तो म्हणाला. "लुईस आणि लवू, एवढंच लिही."