डाव्या बर्नरशेजारच्या ओळी

कपाटाच्या शेगडीकडच्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेल्या अकरा ओळी होत्या. त्यांच्याखाली रंगाला आलेले चार फोड, एक सुटलेली कडपट्टी, आणि तिथून डाव्या बर्नरपर्यंत नऊ सेंटिमीटर अंतर.

ओळी ताईच्या. ती बारा वर्षांची असताना आई दुपारपाळीला जायची आणि मला जेवू घालणं ताईकडे असायचं. वही वेळेवर सापडायची नाही, म्हणून ती कपाटावरच लिहायची. 'अंडी: नऊ मिनिटं.' 'मीठ एकदाच, चाखून.' 'दूध: सहा मिनिटं, जागचं हलायचं नाही.' सगळ्यात खाली, 'बाळ्या रडला तर आधी गॅस बंद.' बाळ्या म्हणजे मी.

ताई परदेशी गेली त्याला पाच वर्षं झाली. 'यंदा नक्की येते' हे तिसऱ्यांदा ऐकून झालं होतं. या पाच वर्षांत आईने डावा बर्नर एकदाही पेटवला नव्हता. भांडी एकामागून एक उजव्यावर चढायची. विचारलं तर म्हणायची, तो नीट जळत नाही. मी उघडून, पेटवून पाहिला. चांगला जळत होता.

मग मी शहाणपणा केला. आई कामावर असताना ओळींवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आणि चाचणी म्हणून डावा बर्नर मोठा केला. चार मिनिटांत प्लास्टिक आक्रसलं. सोलून काढलं, तर मिठाची ओळ त्याच्याबरोबर निघून आली.

आई ओरडली नाही. तो तुकडा तिने उजेडात धरून वाचला आणि चमच्यांच्या खणात ठेवला. ओळी उरल्या दहा. त्यानंतर मी कपाटाजवळ नुसता उभा राहिलो तरी ती हातातलं काम सोडून यायची.

कडपट्टीसाठी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी बाजू ठोकून पाहिली आणि ते म्हणाले, ही फळीच बदलू, तासाभराचं काम. आईने नकारार्थी मान हलवली. मग काकांनी चष्मा लावून ओळी वाचल्या, अगदी सावकाश, आणि ते माझ्याकडे वळले.

"बाळ्या तूच का? अजून रडतोस?"

"रडतो," आई म्हणाली, "पण आता गॅस स्वतःच बंद करतो."

काकांनी फळीचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी स्टीलचा पत्रा सुचवला, पण फळीला न चिकटवता, दोन सेंटिमीटर पुढे. मधून हवा खालून वर वाहत राहील. हे गणित मला येत होतं. पण नळीचे तुकडे कापून तेवढं अंतर धरायचं, हे त्यांना सुचलं. आई दुधाने तोंड पोळलेली. ताकही फुंकून पिणार. पत्रा लागला की ओळी झाकल्या जातील, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"ती आली की काढता येईल ना?"

"एका हाताने," काका म्हणाले, आणि स्क्रूऐवजी दोन हुक लावले.

संध्याकाळी आईने डावा बर्नर पेटवला आणि दूध ठेवलं. मी पत्र्याच्या पुढे आणि मागे तापमापकाची एकेक तार सोडली. आई जागची हलली नाही. दूध सहा मिनिटं दहा सेकंदांनी वर आलं.

पत्र्याची शेगडीकडची बाजू: एक्क्याऐंशी अंश. मागे, सगळ्यात खालच्या ओळीवर: सदतीस.