पळपुट्याचं वजन

मावशी जनावरांची डॉक्टर. रोज एक साधी टेक्स्ट फाइल, त्यात प्रत्येक जनावराची एक ओळ: वीस वर्षांच्या नोंदी तिने अशा ठेवल्या आहेत. त्यातलं काही सापडेना झालं, की माझ्या नावाने हाका सुरू.

आज बाहेरच्या बाकावर शिंपीकाका कुत्र्याला धरून बसले होते. त्याच्या पोटातली गाठ काढायलाच हवी होती. पण चार वर्षांपूर्वी भूल दिल्यावर त्याचा श्वास थांबला होता. तेव्हा कोणतं औषध दिलं होतं, हे कळल्याशिवाय मावशी सुईला हात लावणार नव्हती.

मी संगणकावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि ग्रेप लिहून पुढे कुत्र्याचं नाव दिलं. हजारो फाइलींतून तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वेचून आणायचं काम ग्रेपचं. एकही ओळ आली नाही.

"नाव कशाला लिहू?" मावशी म्हणाली. "त्या नावाची पन्नास कुत्री आहेत. मी गुण लिहिते. हा पळपुटा."

धन्य आहे बाईची. 'पळपुटा' दिल्यावर बोकडापासून सशापर्यंत साठेक पळपुटे हजर झाले. मग उभी रेघ टाकून त्यांतल्या फक्त 'शिंपी' असलेल्या ओळी मागितल्या. चार उरल्या.

मावशीने औषधाचं नाव टिपून घेतलं. काम झालं होतं, पण मला चैन पडेना. वेगवेगळ्या वर्षांच्या या ओळी पहिल्यांदाच एकाखाली एक आल्या होत्या. वजनं होती तेवीस, चोवीस, एक्केचाळीस, तेवीस.

"मावशी, हा मध्येच एवढा फुगला कसा?"

"कधी?"

"भूल दिली त्याच दिवशी."

मी ग्रेपला त्या ओळीच्या वरची ओळही दाखवायला सांगितलं. वर होती कुणाची तरी 'भुंकरी'. वजन एक्केचाळीस.

मावशीने पडद्यावर बोट टेकवून दोन्ही आकडे वाचले. मला उगाच खोदलं असं वाटून गेलं. मग ती उठली आणि बाहेर जाऊन काकांशेजारी बसली.

"काका, याला औषध सोसत नाही असं मी सांगत आले. ते खोटं निघालं. मी दुसऱ्याच कुत्रीचं वजन याच्या नावावर लिहिलं आणि जवळजवळ दुप्पट भूल दिली."

काकांनी कुत्र्याचा जबडा हळूच चाचपला. "म्हणजे याचा किडका दात भुलीच्या भीतीने काढायचा राहिला, तो काढता आला असता?"

"हो."

चार वर्षं, काका स्वतःशीच म्हणाले. मग कुत्र्याला उचलून ते आत आले, वजनकाट्यावर त्याला उभं केलं आणि म्हणाले, "आकडा मी वाचतो. तुम्ही लिहा."