विरुद्ध बाजूचा निबंध

तुरुंगातल्या शिक्षणवर्गाच्या समन्वयक बाईंकडे दोन कामं होती. आत असलेल्यांसाठी इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकवणारे शिक्षक गाठायचे, आणि सुटायची वेळ आलेल्यांसाठी बाहेर राहायला जागा, हाताला काम आणि जबाबदारी घेणारं घरचं माणूस. पहिल्या कामात त्या रमत. दुसऱ्यात दमछाक होई.

पणशेठच्या बाबतीत मात्र सगळं जुळून आलं होतं. दर वाक्य ‘पण’ने सुरू करतो म्हणून वर्गानेच त्याला हे नाव ठेवलं होतं. दारू पिऊन ट्रक चालवताना त्याच्या हातून एक माणूस मेला होता. नऊ वर्षांच्या शिक्षेतली सहा झाली होती. एका छापखान्याच्या मालकाने काम द्यायचं कबूल केलं होतं. थोरल्या बहिणीने आठ महिने नवऱ्याच्या मिनतवाऱ्या करून मागची खोली रिकामी करून घेतली होती. आता फक्त मुदतीआधी सुटकेचे अर्ज तपासणाऱ्या समितीने होकार द्यायचा बाकी होता.

समितीची खोली अरुंद होती. पंख्याचा वारा थेट टेबलावरच्या कागदांवर येत होता, त्यामुळे अध्यक्षांनी फाइलवर तळहात दाबून धरला होता. बाजूला तुरुंगाचे अधीक्षक. समोर पणशेठ, केस नीट विंचरलेले.

अध्यक्ष वाचू लागले, “‘माफी मागणारा आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकून मोकळा होतो. ज्याचं माणूस गेलं, त्याला त्या माफीचा काडीचाही उपयोग नाही.’” त्यांनी चष्मा काढला. “हे अक्षर तुझं?”

“हो साहेब.”

भिंतीकडेच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी ते वाक्य लगेच ओळखलं. अर्जासोबत विद्यार्थ्याचं एक लिखाण जोडायचं असे, जास्तीत जास्त चार पानं. त्यांनी पणशेठचा सर्वांत चांगला निबंध निवडला होता. तो बरोबर चार पानांचा होता. पहिल्या पानाच्या वर शिक्षकांनी दिलेल्या प्रश्नाचा वेगळा कागद होता: जे मत तुम्हाला मान्य नाही, त्याची बाजू शक्य तितकी भक्कम मांडा. पाच पानं चालणार नाहीत म्हणून तो कागद बाईंनी स्वतःच्या हाताने काढून ठेवला होता. निबंध त्यांनी इतक्या वेळा वाचला होता, की प्रश्न दिसला नाही तरी ही मुद्दाम मांडलेली विरुद्ध बाजू आहे हे कळेलच असं त्या धरून चालल्या होत्या.

पणशेठने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने सांगितलं असतं तर ती सबब ठरली असती, हे त्यालाही ठाऊक होतं.

बाई उभ्या राहिल्या. “साहेब, चूक माझी आहे. प्रश्नाचा कागद मी जोडला नाही.” त्यांनी सगळं सांगितलं.

अधीक्षक हळूच पुटपुटले, “मॅडम, बसा आता. वर्ग चालू ठेवायचाय ना?”

अध्यक्ष मात्र रागावले नाहीत. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “म्हणजे तुम्ही यांना दोन्ही बाजूंनी बोलायला शिकवता?”

“हो.”

“मग हा आज इथे जे बोलेल, ते कुठल्या बाजूचं समजायचं?”

प्रश्न वेडावाकडा नव्हता. बाई परत खुर्चीत बसल्या.

अध्यक्ष पणशेठकडे वळले. “तूच सांग. यातलं तुला काहीच पटत नाही?”

नाही म्हण, बाई मनात म्हणाल्या. एवढं एकदा नुसतं नाही म्हण.

“पण साहेब,” तो म्हणाला, “लिहायला घेतलं तेव्हा पटत नव्हतं. लिहिता लिहिता निम्मं पटलं. जो माझ्या हातून गेला, त्याच्या बायकोला मी माफीची पाच पत्रं पाठवली. पाचही न उघडता परत आली. सहावं नाही पाठवलं. तेवढं एकच बरं केलं, असं वाटतं.”

अधीक्षकांनी कपाळावर हात मारला. अध्यक्षांनी फाइलवर निर्णय लिहून वाचून दाखवला. सहा महिन्यांनी पुन्हा विचार. तोपर्यंत वर्तनाचा नवा अहवाल.

बाहेरच्या व्हरांड्यात शिपाई त्याला न्यायला थांबला होता. बाई म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं हे.”

“पण मॅडम, कागद असता तरी त्यांनी विचारलंच असतं की.”

“नसतं विचारलं.”

यावर त्याच्याकडे ‘पण’ नव्हता. जाता जाता म्हणाला, “ताईला तुम्हीच कळवा. माझी फोनची पाळी बुधवारी. तोवर ती दारात उभी राहील.”

बाईंनी ऑफिसात येऊन फोन लावला. दोन घंटांतच उचलला गेला.

“सुटला?” ताईंनी विचारलं.

“नाही. सहा महिने पुढे गेलं. त्याच्या एका निबंधावरून.”

“निबंध? अहो, शाळेत चार ओळी लिहायच्या म्हटलं की रडायचा तो! काय लिहून ठेवलं मेल्याने?”

“चांगलं लिहिलं होतं. जोडताना मी चुकले.” बाईंनी ताईंनाही सगळं सांगितलं. मग तेही सांगावं लागलं, जे सांगायला जीभ रेटत नव्हती: तारीख पुढे गेली की घरच्यांचं संमतिपत्र नव्याने लागतं. घरमालकाच्या सहीसकट. म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“यांना काय सांगू?”

“माझी चूक झाली म्हणून सांगा. हवं तर मी येऊन बोलते त्यांच्याशी.”

“तुम्ही कशाला? तुम्हाला हे ओळखत नाहीत. यांच्या लेखी चूक एकाचीच. समितीने याला नाकारलं, एवढंच ऐकतील, आणि म्हणतील, बघ, मी सांगत होतो.”

“मग लेखी देते. माझ्या सहीने.”

“द्या. फॉर्मसोबतच पाठवा. जेवून झाल्यावर पुढे ठेवते. सही होईल असं मात्र धरून चालू नका.”

फोन ठेवून बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ एवढं लिहून झालं. पुढे काय झालं ते एका अनोळखी माणसाला, सही करावीशी वाटेल असं, कसं सांगायचं ते त्यांना उमजेना.