लाह्यांचा मका

ऑगस्टमध्ये आई गेली, त्या दिवसापासून कोरिनचे वडील जेवायला टेबलाशी बसले नव्हते. ते सिंकपाशी उभे राहून खात. डाव्या हातात ताटली, उजव्या हातात काटा आणि नजर खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या शेतावर. खाऊन झालं की तीच ताटली नळाखाली धरायची. कोरिन दर पंधरा दिवसांनी शहरातून गाडी चालवत येई आणि दर वेळी टेबलावर दोन ताटं मांडी. “मी इथे बरा आहे,” ते म्हणत. आवाजात तक्रार नसे, त्यामुळे वाद घालायलाही जागा नसे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तरी ते बसतील, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. ती ग्रंथालयात नोकरी करायची. दुःखाबद्दल लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यातलं बरंच तिने वाचलं होतं. सिंकपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत कसं आणावं, हे त्यात कुठे सापडलं नव्हतं.

त्या घरात थँक्सगिव्हिंगला प्रत्येकाच्या ताटाशेजारी मक्याचे पाच वाळके दाणे असत. जेवणाआधी एक लाकडी वाडगा फिरे. त्यात एकेक दाणा टाकायचा आणि वर्षभरात लाभलेली एकेक गोष्ट सांगायची. चाल जुनी, इतरही घरांत होती. आईने तिला स्वतःची एक अट जोडली होती, की मोठं काही चालणार नाही. आरोग्य, कुटुंब, देश असं कुणी म्हणालं की ती तो दाणा वाडग्यातून काढून नखाने ढकलत ज्याचा त्याला परत करी. “हे कुणीही म्हणेल. तुझं सांग.” कोरिनचा धाकटा भाऊ ग्लेन नऊ वर्षांचा असताना ‘देव’ म्हणाला, तेव्हा त्याचाही दाणा परत आला होता, आणि त्या दिवशी चर्चचे पाद्री जेवायला होते. आईच्या स्वतःच्या गोष्टी म्हणजे परसदाराची बिजागरी करकरायची थांबली, दात काढताना डॉक्टर गप्प बसले, अशा. तिची थोरली बहीण फर्न दर वर्षी पहिला दाणा टाकताना ‘आरोग्य’ म्हणे, आणि दर वर्षी तिचा दाणा परत येई. चाळीस वर्षांत दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नव्हती.

दाणे आई स्वतः आणायची. ऑक्टोबरात हार्वेस्टर फिरून गेला की ती रस्ता ओलांडून जाई आणि धसकटांत राहिलेलं एखादं कणीस उचलून आणी. या ऑक्टोबरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. कोरिनच्या लक्षात आलं ते बुधवारी, गावातल्या दुकानात उभं असताना. तिथे जे मिळालं ते तिने घेतलं आणि गुरुवारी सकाळी चार ताटांशेजारी पाच-पाच दाणे मांडले.

“फारच बारीक दिसतायत गं,” फर्न मावशी चष्मा वर करून म्हणाली.

“लाह्यांचा मका आहे. दुसरा नव्हता.”

“कुणाला कळणार आहे?” ग्लेन म्हणाला. तो टर्कीच्या कडेचं कुरकुरीत कातडं चोरून खात होता.

मावशीने त्याच्या हातावर चमचा मारला. “पन्नाशीला आलास. जरा थांबायला शीक.”

वडील सिंकपाशी उभे होते. त्यांनी वळून टेबलाकडे पाहिलं, मग दोन पावलं पुढे आले आणि एक दाणा उचलून उजेडात धरला. गावातल्या धान्याच्या गोदामावर त्यांनी चौतीस वर्षं मका तपासला होता. ट्रक आला की मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि ओलावा किती ते सांगायचं. यंत्र नंतर तेच सांगे.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“दुकानात एवढंच होतं, बाबा.”

“हा लाह्यांचा मका आहे.”

“हो.”

“म्हणजे सिनेमा बघायला बसलोय आपण?”

त्यांनी दाणा होता तिथे ठेवला, खुंटीवरचा जाडा कोट घातला, टोपी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

“झालं,” ग्लेन म्हणाला. “गेले. आता अंधार पडल्यावर येतील.”

कोरिन खिडकीशी गेली. वडील रस्ता ओलांडून शेतात शिरले होते. धसकटांतून वाकून चालत होते. एक कणीस उचललं, सोलून पाहिलं, फेकलं. आणखी दहा पावलं. दुसरं उचललं, तेही फेकलं.

“जेवण निवतंय,” मावशी मागून म्हणाली. “काय करतोय तो?”

“कणीस निवडतायत.”

“अजून?” मावशीने घड्याळाकडे पाहिलं. “तुमच्या आईला पसंत करायला याने एवढा वेळ घेतला नव्हता. एका नाचात ठरवलं होतं.”

ग्लेन हसला आणि मध्येच थांबला. मावशी बटाट्यांवरचं झाकण उगाच काढून परत ठेवायला लागली.

तेव्हा कोरिनने एक गोष्ट केली. टर्की भाजलेली भलीमोठी परात, तळाशी करपलेली, तिने उचलून सिंकमध्ये ठेवली आणि वर गरम पाणी सोडलं. सिंक काठोकाठ भरलं. मग तिने वडिलांच्या खुर्चीपुढचं ताट बाजूला सरकवलं आणि तिथे वर्तमानपत्र पसरलं. मावशी बघत होती. तिने रताळ्यांचं भांडं उचलून वर्तमानपत्राला जागा करून दिली.

वडील आत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. हातात एकच कणीस होतं.

“उंदरांनी निम्मं शेत खाल्लंय,” ते म्हणाले. “हे बरं आहे.”

ते सवयीने सिंककडे वळले. परात पाहिली, पाण्यावर तरंगणारी चरबी पाहिली. मग टेबलावरचं वर्तमानपत्र पाहिलं. कणसाचे दाणे उभ्याने हातात काढले तर घरभर उडतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कोटासकट ते खुर्चीत बसले.

अंगठ्याने एक ओळ मोडली की पुढच्या सहज सुटतात. टपटप दाणे कागदावर पडत होते. किडका, चीर गेलेला, टोक तुटलेला दाणा ते करंगळीने बाजूला सारत. वीस चांगले दाणे निघाले तशी त्यांनी लाह्यांचा मका गोळा करून ग्लेनपुढे लोटला. “हा घरी ने. पोरांना दे.” नवे दाणे त्यांनी स्वतः पाच-पाच करून मांडले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. कोट काढून तिच्या पाठीवर टाकला, तोही न पाहता.

वाडगा मावशीपासून सुरू झाला.

“आरोग्य,” मावशी म्हणाली, पण या वेळी दाणा तिने वाडग्यात टाकला नाही. वाडग्याच्या अलीकडे, टेबलक्लॉथवर ठेवला आणि हात मागे घेतला.

दाणा तिथेच राहिला. ग्लेनने कोरिनकडे पाहिलं. कोरिनला आपलं नख कुठवर पोचेल याचा अंदाज घेता येत होता, तरी हात उचलला जात नव्हता. मावशी ताठ बसली होती. दुकानात सुटे पैसे परत मिळायची वाट बघावी तशी.

वडील पुढे वाकले. त्यांच्या नखात अजून शेतातली माती होती. त्यांनी दाणा हळूहळू ढकलत मावशीच्या ताटापर्यंत नेला.

“हे कुणीही म्हणेल, फर्न,” ते म्हणाले. “तुझं सांग.”

मावशीने रुमाल काढला, नाक पुसलं, घडी घालून परत बाहीत खोचला.

“बरं,” ती म्हणाली. “तिच्या निळ्या कोटाच्या खिशात माझा हातमोजा सापडला. डावा. सात वर्षं मी चर्चमधल्या बायकांवर संशय घेत होते.”

“चालेल,” वडील म्हणाले.

वाडगा फिरत राहिला. ग्लेनने गाडीच्या बॅटरीचं सांगितलं. वडिलांनी पहिला दाणा टाकण्याआधी दाताखाली धरून पाहिला.

“ओलावा चौदा टक्के,” ते म्हणाले. “पाऊस वेळेवर थांबला.”

“पाऊस म्हणजे मोठी गोष्ट झाली, बाबा,” ग्लेन म्हणाला.

“पाऊस मोठा. चौदा टक्के लहान.”

कोरिनच्या चार गोष्टी सरळ होत्या. ग्रंथालयात खिडकीजवळची जागा मिळाली. एका म्हाताऱ्याने अकरा वर्षांनी पुस्तक परत आणलं, वर भेट म्हणून पेअरची फळं आणली. आईच्या हस्ताक्षरातली यादी सापडली, तिच्यात फक्त ‘साबण, दोरा’ होतं. नवा टायर.

पाचवा दाणा तिने बोटांत धरला. समोर वडील बसले होते. एका हाताने त्यांनी न विचारताच रश्शाचं भांडं आपल्याकडे ओढलं होतं. सांगायची गोष्ट तिच्याकडे होती. ती मोठी की लहान, हे मात्र तिला ठरवता येईना.

तिने काही न बोलता दाणा वाडग्यात टाकला.

वडिलांनी वाडग्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. दाणा कुणी परत केला नाही.

“जेवण गार झालंय,” मावशी म्हणाली.

“असू दे,” वडील म्हणाले आणि ताट पुढे ओढून घेतलं.