विनावाहक, विनाथांबा

एका सोमवारी माझी सून प्रांजली लाटणं घेऊन ऑफिसला गेली.

न्यायची होती फाइल. आगरदांड्याच्या जेटीवर स्कूटी लावून तिने पिशवीत हात घातला, तेव्हा हाताला लाटणं लागलं. तिथूनच तिने मला फोन केला.

"बाबा, ओट्यावर बघा. परातीत काय आहे?"

मी बघितलं. "फाइल आहे."

"पीठ लागलंय?"

"वरच्या दोन पानांचं थालीपीठ झालंय."

"फेरी सुटतेय. ठेवा कुठेतरी. नको, कुठेतरी नको, नंतर सापडत नाही. माझ्या कपाटात ठेवा." एवढं बोलून ती खाडीपलीकडे दिघीला गेली, लाटण्यासकट.

संध्याकाळी लाटणं परत आलं. मी विचारलं, "साहेब काही बोलले?"

"विचारलं त्यांनी, मॅडम, हे कशासाठी आणलंय? मी म्हटलं, पेंडिंग कामांसाठी."

"मग?"

"मग दिवसभर कोणीच काही विचारलं नाही. रोज न्यावं म्हणते."

ती हसली, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते मला दिसलं.

मी बुधाजी. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होतो, मुरुड डेपोला. आता घरी असतो. मुलगा संघर्ष उरणच्या बाजूला ट्रेलर चालवतो, शनिवारी येतो आणि रविवारी झोपतो. घरात मी, प्रांजली आणि तिची मुलगी प्राप्ती, चौथीतली. माझी बायको जयमाला गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात गेली. त्याबद्दल फार लिहिता येत नाही. ती होती तोवर घरात मीठ कुठे असतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असायची गरज पडली नाही.

ती गेल्यावर तिची सगळी कामं प्रांजलीवर आली. तिची स्वतःची होतीच. त्यात खात्याची परीक्षा आली. नियम मला नीट कळत नाहीत, पण एवढं कळलं होतं की ही तिसरी आणि शेवटची संधी. मुरुडच्या ऑफिसात वरची एक जागा रिकामी होत होती. पास झाली तर ती जागा, म्हणजे घरापासून चालत दहा मिनिटं. नाही झाली तर रिटायर होईपर्यंत रोजची फेरी, पावसाळ्यातसुद्धा. परीक्षेला सहा आठवडे होते. पुस्तक मात्र अकरा दिवस एकेचाळीसाव्या पानावर उघडं होतं. त्या पानावर हळदीचा अंगठा होता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

"होत का नाही वाचून?" मी विचारलं.

"बाबा, वाचायला बसले की कुकर आठवतो. कुकरकडे गेले की प्राप्तीची वही दिसते. वहीवर सही करताना ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो. तो वाचेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेच विसरते. काल वरण शिजलं का बघायला गेले आणि भांडी घासून परत आले."

"आणि वरण?"

"कच्चं. तुम्ही खाल्लंत की. आज डाळ मस्त लागते म्हणालात."

मी म्हणालो होतो खरं. तिला बरं वाटावं म्हणून.

चौतीस वर्षं गाडी वेळेवर काढायचं काम केलेला माणूस घरात असताना ही अवस्था मला बरी वाटली नाही. मी ट्रंक उघडली. रिटायर झालो तेव्हा डेपोतल्या पोरांनी मला पितळेची घंटा दिली होती, दोरीसकट. जयमालाने ती कधी लावू दिली नाही. "घर आहे हे, डेपो नाही," म्हणायची. आता मी तिच्या फोटोकडे न बघता ती घंटा स्वयंपाकघराच्या दारात टांगली. वहीच्या कागदावर वेळापत्रक लिहिलं. पहिला थांबा चहा, मग डबा, मग वेणी, मग प्राप्तीचा अभ्यास, मग जेवण. सिंगल बेल म्हणजे हातातलं काम थांबवायचं. डबल बेल म्हणजे पुढचं काम सुरू. एका वेळी एकच काम.

प्राप्तीने वेळापत्रक वाचलं. "आबा, शूचा थांबा कुठंय?"

"तो विनंती थांबा. दोरी ओढायची आणि जायचं."

ही माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राप्तीने सतरा वेळा दोरी ओढली. तिला विनंती करायला फार आवडलं. मी वेळेवर सिंगल बेल दिली तेव्हा प्रांजली फोडणी टाकत होती. ती शिस्तीची मुलगी, पळी हातात धरून तिथेच थांबली. मोहरी जळली, लसूण जळला, घरभर धूर झाला. मी डबल बेल द्यायला गेलो तर दोरी प्राप्तीच्या हातात होती.

धुरातून शेजारची केसर आत आली. ती मासे विकते, टोपली अजून कमरेला होती.

"बुधाजीदादा, तुमच्याकडं आरती कवापासून सुरू झाली?"

"आरती न्हाय. गाडी थांबवतोय."

तिने वर भिंतीकडे बघितलं. भगवान बुद्ध, बाबासाहेब आणि खाली जयमाला. मग घंटेकडे बघितलं. "माझी मैत्रीण असती तर ही घंटा तुमच्याच गळ्यात बांधली असती," ती म्हणाली आणि कोळंबीचा एक वाटा ठेवून गेली.

चार दिवस आम्ही ते वेळापत्रक चालवलं. चारही दिवस प्रांजलीची फेरी चुकता चुकता राहिली. पुस्तक त्रेचाळीसाव्या पानावर गेलं, ते पण वाऱ्याने.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती पुस्तक मिटून म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण एसटीला उशीर कशाने होतो?"

"रस्त्याने," मी म्हणालो.

"थांब्यांनी होतो. तुम्हीच सांगायचात, पाली गाडीला बत्तीस थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर कोणाची तरी काकी धावत येत असते."

मला राग आला. मी म्हणालो, "मग थांबवतंय कोण तुला? ही पोरगीच ना? नाहीतर तो मोबाइल."

प्राप्तीला शाळेत ताळ्याच्या खुणा शिकवत होत्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. बाईंनी घरातल्या कशाच्या तरी खुणा मांडून आणायला सांगितल्या होत्या. ती म्हणाली, "मी मांडू? मम्मीला कोण थांबवतं ते?"

"मांड," मी म्हणालो. मला खात्री होती.

रविवारी तिने वही दाखवली. मोबाइल, सहा. केसर आजी, दोन. प्राप्ती, अकरा, हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. खाली आबा. तिथे रेघांचं कुंपणच झालं होतं. चौतीस. समोर कारणंही लिहिली होती. चष्मा. चहा. बाम. रिमोट. ही गोळी जेवणाआधीची का नंतरची. दारात कोण आलं. कोणी नाही आलं का. चष्मा. पाऊस पडेल काय. चष्मा. चष्मा.

"एवढा चष्मा हरवतो माझा?" मी विचारलं.

"हरवत नाही," प्राप्ती म्हणाली. "नाकावर असतो. तुम्ही हाक मारता, मम्मी येते, मग तुम्ही म्हणता सापडला."

संघर्ष झोपेतून हसला. प्रांजली नाही हसली. तिने वही हळूच मिटली आणि म्हणाली, "शाळेत नेऊ नको हां ही. कावळ्यांच्या मांड."

मी बाहेर पडवीत जाऊन बसलो. खोटं कशाला लिहू, मला माहीत होतं. चष्मा नाकावर आहे हे दरवेळी नाही, पण बऱ्याच वेळी माहीत असायचं. चाळीस वर्षं मी बाहेरच्या खोलीतून हाक मारली आणि स्वयंपाकघरातून "आले" असं उत्तर आलं. आता हाक मारली की प्रांजली "आले बाबा" म्हणते. आवाज तो नाही, पण त्याच बाजूने येतो. तेवढ्यासाठी मी तिचं एकेचाळीसावं पान अकरा दिवस अडवून धरलं होतं.

तासाभराने मी आत गेलो आणि घंटा उतरवून ट्रंकेत ठेवली. प्राप्तीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पाटी लिहिली. विनावाहक, विनाथांबा.

"म्हणजे काय?" प्राप्तीने विचारलं.

"अशी गाडी असते. मध्ये कुठे थांबत नाही. तिकिटं स्टँडवरच फाडायची आणि गाडी सुटायच्या आधी कंडक्टरने खाली उतरायचं."

"तुम्ही उतरणार?"

"उतरणार."

रोज संध्याकाळी सात ते आठ ही गाडी ठरली. पावणेसात ते सात तिकिटं. ज्याला जे विचारायचं ते तेव्हाच विचारायचं. प्राप्ती आणि मी आतल्या खोलीच्या दारात रांग लावायचो. मोबाइल माझ्या खिशात. सात वाजले की प्रांजली आत, दार बंद, कडीला पाटी. आतमध्ये ती, पुस्तक आणि एक तास. दुसरं काही नाही. स्वयंपाक कंडक्टरकडे.

पहिल्या दिवशी मी आमटी केली. मीठ समजून जे घातलं तो बारीक रवा निघाला. दोन मुठी घातला होता, कारण खारट लागेना. ती आमटी आम्ही सुरीने कापून खाल्ली. दुसऱ्या दिवशी भात लावला आणि दोन मिनिटं बातम्या बघायला गेलो. भात असा लागला की केसरने कुंपणावरून विचारलं, "दादा, डांबर टाकताय का भाकरी?"

"भात आहे."

"त्याच्यापाशी उभं ऱ्हावा. भाताला माणूस लागतो. टीव्ही काय तुमची वाट बघत न्हाय."

तेव्हापासून मी भातापाशी उभा राहतो. भात होईपर्यंत फक्त भात. साठ पार केल्यावर मला हे जमायला लागलं.

एकदाच गाडी थांबता थांबता राहिली. तिसऱ्या आठवड्यात मला जिरं सापडेना. तेल तापलेलं. मी पाटीपर्यंत गेलो, हातही वर केला. प्राप्ती मागे उभी राहून बघत होती. हात खाली घेतला आणि भिंतीवरच्या फोटोकडे वळून म्हणालो, "जया, जिरं कुठं ठेवलंस गं?"

"आबा," प्राप्ती हळूच म्हणाली, "आजीला विचारायला तिकीट लागतं का?"

"नाही. तिला पास आहे."

आम्ही गॅस बंद करून सगळे डबे उघडले. ज्या डब्यावर जयमालाने चहा लिहिलं होतं त्यात जिरं होतं. चहा होता हळदीच्या डब्यात. आपल्या डोक्यात सगळं आहे म्हटल्यावर बाईने नावं कशाला बदलायची? मी हसत बसलो आणि मग थोडा वेळ हसत नव्हतो. प्राप्तीने मला पाणी दिलं. आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला. त्या दिवशी ती दोनशे सहाव्या पानावर होती.

परीक्षा अलिबागला, शनिवारी. सकाळची पहिली गाडी. मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीवर सदा कंडक्टर होता, माझ्या हाताखाली शिकलेला. मी त्याला सांगितलं, "हिला आताच तिकीट दे. मध्ये हिला काही विचारायचं नाही. शेजारी बोलणारी बाई बसवायची नाही."

"काका, एसटी आहे. बोलत नाही अशी बाई कुठून आणू?"

"मग टोपली ठेव शेजारी."

त्याने खरंच कोणाची तरी नारळाची करंडी ठेवली. प्रांजली खिडकीतून म्हणाली, "बाबा, आता उतरा." मी उतरलो.

घरी आलो. अर्धा तास गेला. गाडीने वावे गाव सोडलं असेल का, असं वाटलं म्हणून तिला फोन लावला. रिंग घरातच वाजली. तांदळाच्या डब्यातून.

मोबाइल तांदळात, म्हणजे पिशवीत काय गेलं असेल? प्रवेशपत्राच्या जागी काय नेलं हिने? मी ओट्याकडे धावलो. आधी लाटणं बघितलं. लाटणं जागेवर होतं. त्याच्याखाली चिठ्ठी होती.

"बाबा, मोबाइल मुद्दाम ठेवलाय. आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेर असले तर तुम्ही फोन कराल. प्रवेशपत्र, आधार कार्ड, दोन पेनं घेतली आहेत. टोपलीत पाव आहेत. गोळी जेवणानंतरची. चष्मा नाकावर बघा."

मी हात लावला. होता.

दोन महिन्यांनी निकाल लागला. प्रांजलीने तो दिघीहून फेरीत बसल्या बसल्या कळवला. इंजिनच्या आवाजात मला फक्त "पास" ऐकू आलं, तेवढं पुरलं. ट्रंकेतली घंटा काढली आणि दारात उभा राहून डबल बेल दिली. मग परत दिली. प्राप्तीने दोरी ओढून घेतली, तिने किती दिल्या ते मोजलं नाही.

कुंपणापलीकडून केसर ओरडली, "दादा, आता काय झालं? आरती?"

"व्हय, आरतीच," मी ओरडलो. "प्रसाद तू आण!"

ती बोंबील घेऊन आली. ते तळेपर्यंत मी कढईपासून हललो नाही.