बाण सिद्धाप्पाचा, नाव मास्तरांचं

वेणीमाधव मास्तर शाळेत गणित शिकवत आणि घरी दारूचे बाण करत. बाण आकाशात जाण्यासाठी असतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बाणांना मात्र ते ठाऊक नसावं. सहा वर्षांत एक शेजारच्या गोठ्यात शिरला होता, एक विहिरीत पडला होता आणि बाकीचे जागच्या जागी फुसफुसून विझले होते. मास्तरांना स्वतःचंच हसू येई. पण शोरा, गंधक आणि कोळसा यांचं प्रमाण त्यांनी अपूर्णांकांत मांडलं होतं, आणि अपूर्णांक चुकत नाहीत यावर त्यांची श्रद्धा होती.

या नादात त्यांना सोबती एकच, सिद्धाप्पा. तो गिरणीत मागावर होता. नळीत दारू ठोकून भरताना तो कान देऊन ऐकायचा आणि आवाज बदलला की हात थांबवायचा. दर रविवारी मास्तर त्याला समजावत, की यात शास्त्र काही नाही, तुझं सगळं नशिबावर चाललं आहे. सिद्धाप्पा "व्हय मास्तर" म्हणायचा आणि त्याचा बाण सरळ वर जायचा.

सत्तावीस सालच्या डिसेंबरात जत्रेची व्यवस्था पाहणाऱ्या पेठेतल्या आबासाहेबांच्या मनात आलं, की संक्रांतीला गड्ड्यातल्या, म्हणजे जत्रेच्या मैदानातल्या, दारूकामात एखाद्या हौशी माणसालाही संधी द्यावी. त्यासाठी रविवारी दुपारी गावाबाहेरच्या माळावर परीक्षा ठरली. उमेदवार दोघंच, मास्तर आणि सिद्धाप्पा. दोन्ही बाणांवर अनसूयाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, पतंगाचा लाल कागद चिकटवून दिला. नवऱ्याची सहा वर्षं त्यांनी पाहिली होती. निदान दिसायला तरी बरे दिसू देत, एवढंच त्या म्हणाल्या.

दोन्ही बाण एकाच टोपलीतून माळावर गेले. काड्या तिथंच बांधल्या. मास्तरांनी आधी आपल्या प्रमाणाविषयी चार शब्द सांगितले, मग टोपलीतला एक बाण उचलून बत्ती दिली. बाण सुसाट वर गेला, भर उन्हात फुटला आणि निळ्या आभाळात पांढऱ्या धुराचा गोळा राहिला. मास्तर तोंड उघडं टाकून पाहतच राहिले.

मग सिद्धाप्पाची पाळी आली. त्याचा बाण जमिनीवरच गरगरला, लोकांच्या पायांतून निघाला आणि बाभळीच्या झुडपात जाऊन विझला. माळभर हशा झाला. आबासाहेबांनी मास्तरांचं नाव लिहून घेतलं.

आपल्या वर गेलेल्या बाणाची पडलेली नळी आणायला मास्तर ज्वारीच्या रानात गेले. लाल कागद जळून गेला होता आणि खाली सिद्धाप्पाच्या गिरणीतला जाड निळा कागद दिसत होता. मास्तरांच्या नळ्या सहावीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या असत. टोपलीत अदलाबदल झाली होती, हे कळायला गणिताची गरज नव्हती. त्यांनी नळी कोटाच्या खिशात घातली.

सांगायचं ते तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. लोक पांगले की सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग वाटेत सांगू, मग उद्या. दुसऱ्या दिवशी बाजारात चारजणांनी थांबवून नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी चिकाटी या विषयावर मुलांपुढं बोलायला सांगितलं. मास्तर चाळीस मिनिटं बोलले, आणि चांगलं बोलले, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सिद्धाप्पा घरी आला. काखेत पाटी होती.

"मास्तर, तुमचा हिशेब पक्का हाय. मलाबी शिकवा की."

मास्तरांनी शिकवलं. बाण बाभळीत कसा घालावा याची विद्या त्यांनी अर्धा तास मन लावून दिली. सिद्धाप्पानं एकेक आकडा जपून उतरवून घेतला आणि म्हणाला, "आता कानानं नाय भरणार. मापानंच भरतो."

मास्तरांचा हात थांबला. ते उठले, खुंटीवरच्या कोटातून नळी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"वर गेला तो तुझा होता, सिद्धाप्पा. झुडपात गेला तो माझा."

सिद्धाप्पानं नळी फिरवून पाहिली. कधी कळलं, म्हणून विचारलं. रविवारीच, नळी पडली तिथंच, असं मास्तरांनी सांगितलं.

"मला लोक हसले, मास्तर," तो म्हणाला. "माझी बायको व्हती तितं."

पाटी तिथंच टाकून तो निघून गेला. अनसूयाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पान वाढलं आणि ती पाटी उचलून मास्तरांच्या पानाशेजारी ठेवली.

सकाळी शाळेआधी मास्तर आबासाहेबांकडे गेले. मोठी बोलणी खाण्याची त्यांनी तयारी केली होती. आबासाहेबांनी चष्मा शोधला, एक नाव खोडून दुसरं लिहिलं आणि चहा घेणार का, विचारलं. आपला एवढा मोठा अपराध दोन मिनिटांत आटोपला, याचं मास्तरांना जरा वाईटच वाटलं. मग त्यांनी वर्गात सांगितलं. पोरं हसली. ती दमेपर्यंत त्यांनी हसू दिलं.

रविवारी ते सिद्धाप्पाच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोसमोर, नागम्मासमोर, पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. चिकाटीवरचं भाषणसुद्धा वगळलं नाही. तिथं नागम्माला हसू आवरेना. सिद्धाप्पा हसला नाही. त्यानं निळ्या कागदाचा गठ्ठा मास्तरांपुढं सरकवला आणि म्हणाला, "पाच बाण करायचेत. कागद गुंडाळा. दारूला हात लावायचा नाय."

मास्तरांनी महिनाभर कागद गुंडाळले. त्यातही पहिले बारा त्यानं परत केले.

गड्ड्यात सिद्धाप्पाचं नाव पुकारलं गेलं. फेटा बांधून त्यानं पाची बाण सोडले आणि पाची वर गेले. मास्तर मागं पाण्याची बादली धरून उभे होते. शेजारच्या एका गृहस्थांनी बाण कुणाचे, म्हणून विचारलं. मास्तरांनी सिद्धाप्पाचं नाव सांगितलं, तो कान देऊन दारू कशी भरतो ते सांगितलं, घर कुठं ते सांगितलं. गृहस्थ कंटाळून पुढं सरकले, तरी मास्तर बादली घेऊन त्यांच्या मागं चालत सांगतच होते.