खलास लिहिलेलं झाकण

आखातात, मुसफ्फाच्या त्या वर्कशॉपमध्ये भंगारात काय जाणार, ते यूनुस ठरवायचा. लाल प्रायमरचा ब्रश उचलायचा आणि वस्तूवर लिहायचा, खलास. तेही इंग्रजी अक्षरांत, सगळ्या देशांच्या माणसांना कळावं म्हणून.

रत्नागिरीचा हा गडी जातिवंत खोडकर. सुजीतच्या हेल्मेटवर खलास, मालकाच्या खुर्चीवर खलास. विष्णू घाग दोन महिन्यांच्या रजेवर गेला, तेव्हा फळीवर राहिलेल्या त्याच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावरही खलास.

"आल्यावर बघा कसा बोंबलतो," यूनुस म्हणाला होता.

विष्णू आलाच नाही. गावी अकराव्या दिवशी छातीत कळ आली आणि गेला. त्यानंतर यूनुसने मस्करीसाठी ब्रश उचलला नाही. डबा मात्र पुसायचीही हिंमत झाली नाही.

मग विष्णूच्या बायकोचा, छायाचा फोन आला. "भावजी, तो डबा माझ्या लग्नातला. आईने नाव घालून दिलेला. येताना आणाल?"

"आणतो वहिनी. शुक्रवारीच निघतोय."

गुरुवारी फळीवर हात घातला, तर नुसता डबा. झाकण नाही.

"सुजीत, कुठे लपवलंस? आज मस्करी नको हां."

"भाई, हे तुम्ही बोलताय?" सुजीत हसला, पण यूनुसचा चेहरा बघून त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. "मागे विचारा. अब्दुलायला."

अब्दुलाय सेनेगलचा कलाकार. पत्र्याचे डबे, झाकणं ठोकून सपाट करायचा आणि तारेने एकमेकांना शिवून भिंतीएवढी चादर करायचा. मालकाने त्याला मागची शेड दिली होती आणि सांगितलं होतं, खलास लिहिलेलं सगळं तुझं.

चादर छताला टांगलेली. प्रदर्शनाला न्यायला ट्रक दारात उभा. हजारभर तुकड्यांत यूनुसला आपलं अक्षर लगेच दिसलं. झाकण ठोकून ठोकून पापडासारखं झालेलं.

"तुमने लिखा था खलास," अब्दुलाय म्हणाला.

"हां. मैंनेच लिखा." यूनुस खाली बसला आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. विष्णू, रजा, फोन.

अब्दुलायने घड्याळ पाहिलं नाही. शिडी लावली, कटरने सहा टाके तोडले, झाकण स्वतःच्या शर्टाला पुसून दोन्ही हातांनी यूनुसला दिलं. ड्रायव्हर बाहेरून "यल्ला, यल्ला", चला लवकर, असं ओरडत होता.

"दूसरा लगाएगा?" यूनुसने वर बघत विचारलं.

"नहीं. उसका जगह है."

यूनुसने फोन लावला.

"वहिनी, झाकण चेपलंय. आता बसणार नाही डब्यावर. आणि त्याच्यावर मी... मस्करीत काहीतरी लिहिलं होतं. ते गेले त्याच्या आधी."

पलीकडून छायाने एवढंच विचारलं.

"नाव दिसतं का?"

"रंगाखाली गेलंय. थांबा."

त्याने थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि घासायला लागला. खलास पुसट झालं, गेलं. पण ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांत लाल रंग बसला होता, तो काही निघेना. चेपलेल्या स्टीलवर लालभडक उमटलं : छाया.

"दिसतंय वहिनी," यूनुस म्हणाला. "चांगलं दिसतंय."

"मग तसंच आणा. झाकण बसून तरी काय करायचंय? डबा भरणार कोणासाठी?"